समुद्रातील नमुना आणि त्याचे व्हाउचर

वाणिज्य शाखेत पाय ठेवल्यावर पहिल्याच महिन्यात एक नियम कानी पडतो : व्हाउचर नसेल तर नोंद नाही. रोखवहीतील रक्कम कितीही बरोबर दिसो, तिच्यामागे कागद नसेल तर हिशेबतपासनीस ती मानीत नाही. हाच 'व्हाउचर' शब्द सागरी जीवशास्त्रातही जवळजवळ ह्याच अर्थाने वापरतात, हे प्रथम वाचले तेव्हा मला नवल वाटले. समुद्रातून आणलेल्या माशाच्या जनुकांची माहिती प्रसिद्ध केली की तो मासा, निदान त्याची ओळख पटेल एवढा भाग, क्रमांक लावून संग्रहालयात जपून ठेवावयाचा असतो. उद्या कोणी शंका काढली तर बरणी उघडून दाखविता आली पाहिजे. त्या बरणीतल्या माशाला शास्त्रज्ञ व्हाउचर म्हणतात.

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे आमचे विज्ञान शाखेचे मित्र विचारतील. त्याचे उत्तर ह्या एका शब्दात आहे. समुद्रावर जाऊन जनुकसंशोधनासाठी नमुने गोळा करणे हे अर्धे रसायनशास्त्र आणि अर्धे हिशेबाचे काम आहे. आणि त्यातील कोणतेही अर्धे बिघडले तर लाखो रुपये खर्चून आणलेला माल कवडीमोल होतो. जहाजाच्या डेकवर पहिल्या तासाभरात नमुन्याचे जे केले जाते, त्यावरून पन्नास वर्षांनंतर त्याला कोणता प्रश्न विचारता येईल हे ठरते. ते कसे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नाशवंत माल

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डी.एन.ए. नावाचा एक अतिशय लांब रेणू असतो. चार रासायनिक अक्षरांच्या क्रमाने त्यावर त्या जीवाची सारी घडण लिहिलेली असते. ही अक्षरे वाचता आली की तो जीव कोणत्या जातीचा, कोणाचा जवळचा नातलग, कोणते द्रव्य तयार करण्याची कुवत त्याच्यात आहे, हे सांगता येते. ह्या मजकुरातील हवा तेवढा भाग उतरवून घेऊन पेशी आपले रोजचे काम करते. त्या तात्पुरत्या नकलेला आर.एन.ए. म्हणतात. आमच्या भाषेत सांगावयाचे तर डी.एन.ए. ही खतावणी आणि आर.एन.ए. ही त्या दिवसाची कच्ची वही. खतावणीवरून दुकानाची एकंदर स्थिती कळते. कच्च्या वहीवरून त्या दिवशी काय विकले गेले हे कळते.

आता अडचण अशी की हा माल नाशवंत आहे. जीव मेला की पेशींतील व्यवस्था कोलमडते आणि डी.एन.ए.चे तुकडे करणारी विकरे मोकाट सुटतात. जोडीला जीवाणू येतात. उष्णता आणि पाणी ह्या दोघांना मदत करतात. डी.एन.ए. काही काळ तरी तग धरतो, आर.एन.ए.ची अवस्था काही मिनिटांतच पालटू लागते.

आपल्या बेळगावात गोव्याहून आणि कारवारहून मासळी येते ती बर्फात. बर्फाने मासळी खाण्याजोगी राहते, कारण शून्य अंशाजवळ कुजण्याची क्रिया मंदावते. परंतु मंदावते म्हणजे थांबत नाही. बर्फातला बांगडा दुसऱ्या दिवशी चवीला उत्तम लागेल. त्याच्या स्नायूतून डी.एन.ए.देखील मिळेल; पण जाळ्यात सापडला त्या घटकेला त्याच्या पेशी काय करीत होत्या, ही कच्ची वही तोपर्यंत फाटून गेलेली असते. म्हणून खाण्यासाठी टिकविणे आणि वाचण्यासाठी टिकविणे ही दोन निराळी कामे आहेत.

पूर्वीची रीत

सागरी नमुन्यांचा पहिला मोठा साठा ज्या सफरीने जमविला ती 'चॅलेंजर' ह्या ब्रिटिश जहाजाची. डिसेंबर १८७२ मध्ये निघालेले हे जहाज मे १८७६ मध्ये परतले. ६८,८९० सागरी मैलांचा प्रवास त्याने केला आणि चार हजारांहून अधिक नव्या जाती उजेडात आणल्या. त्या काळी नमुने मद्यार्कात बुडवून ठेवीत. सफरीचा वृत्तांत पन्नास खंडांत छापला गेला आणि त्यातील बरण्या आजही लंडनच्या संग्रहालयात अभ्यासासाठी उघडल्या जातात.

पुढे १८९३ मध्ये जर्मनीतील फर्डिनांड ब्लूम ह्यांनी फॉर्मॅलिनचा गुण दाखवून दिला. फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचे पाण्यातील द्रावण. ते स्वस्त पडते, पाणी मिसळून पातळ करूनच वापरावयाचे असल्याने थोड्या साठ्यात पुष्कळ काम भागते, आणि जीवाचा आकार हुबेहूब राखते. जहाजावर जागा नेहमीच अपुरी. त्यामुळे फॉर्मॅलिन सर्वांच्या आवडीचे झाले. आपल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतून ज्या जुन्या बरण्या दिसतात त्यांतल्या बहुतेकांत हेच द्रावण असते आणि झाकण उघडताच डोळे चुरचुरतात ते त्याच्यामुळेच.

फॉर्मॅलिन आकार राखते तो पेशींतील प्रथिनांना एकमेकांशी जखडून. त्याच गाठी डी.एन.ए.लाही बसतात. वहीची पाने न फाटता टिकावीत म्हणून ती डिंकाने एकमेकांना चिकटवून टाकावीत, तसा हा प्रकार. वही शाबूत राहते, पण उघडत नाही. अलीकडे खटपट करून अशा नमुन्यांतूनही डी.एन.ए.चे लहान तुकडे वाचता येऊ लागले आहेत. तरी ताज्या नमुन्याची सर त्याला येत नाही.

ह्याचे आपल्या देशातील उदाहरण कोचीला आहे. १९५९ ते १९६५ ह्या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजे तीत होती. आपल्या आरमाराची 'कृष्णा' ही युद्धनौकाही होती. निरनिराळ्या जहाजांनी एकाच मापाच्या जाळ्याने प्राणिप्लवकांचे, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत जाणाऱ्या बारीक प्राण्यांचे, नमुने धरले आणि ते निवडण्यासाठी कोचीच्या केंद्रात पाठविले. ह्या मोहिमेच्याच पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय आज गोव्यात दोनापावला येथे आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे हे प्लवक फॉर्मॅलिनमध्ये ठेवले गेले. साठ वर्षांपूर्वी हिंदी महासागरात कोणता प्राणी कोठे आणि किती होता हे त्यावरून मोजता येते, आणि ते अमोल आहे. पण त्या प्राण्यांच्या जनुकांत गेल्या साठ वर्षांत काय फरक पडला, हा आजचा प्रश्न त्या बरण्यांना सहजासहजी विचारता येत नाही. ज्यांनी ते नमुने ठेवले त्यांना दोष देता येणार नाही, कारण डी.एन.ए.ची अक्षरे वाचण्याची सोयीस्कर पद्धत १९७७ पर्यंत कोणापाशीच नव्हती.

ह्याच्या उलट, फॉर्मॅलिनच न मिळाल्याने झालेल्या नुकसानीची एक कथा प्रसिद्ध आहे. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात एका मासेमारी जहाजावर सुमारे दीड मीटर लांबीचा निळसर मासा आला. तेथील संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर ह्यांनी तो काही निराळाच आहे हे ओळखले. परंतु तिकडे तो ऐन उन्हाळा. शवागाराने मासा ठेवून घेण्यास नकार दिला, शीतगृहानेही दिला, आणि एवढ्या मोठ्या माशाला पुरेल इतके फॉर्मॅलिन गावात नव्हते. अखेर मासा नासू लागला तेव्हा पेंढा भरून कातडे तेवढे राखले आणि आतील अवयव फेकून द्यावे लागले. मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ फेब्रुवारी १९३९ मध्ये तेथे पोचले तेव्हा त्यांना जे दिसले ते थक्क करणारे होते : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाला असे मानलेल्या कुळातील सीलाकँथ मासा. त्याचे आतील अवयव पाहण्यासाठी दुसरा मासा सापडेपर्यंत, म्हणजे डिसेंबर १९५२ पर्यंत, शास्त्राला थांबावे लागले. सीलाकँथचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तो २०१३ मध्ये, आणि अर्थातच नव्या ऊतींवरून.

पाणी वर येते कसे

आजच्या सफरीत नमुना दोन प्रकारांनी घेतात. मोठे जीव जाळ्याने किंवा गळाने; आणि डोळ्यांना न दिसणारे जीव पाण्यासकट.

पाण्यासाठी एक गोल सांगाडा असतो. त्याच्या कडेने बारा किंवा चोवीस उभ्या नळकांड्या बसविलेल्या असतात. त्यांना निस्किन बाटल्या म्हणतात. दोन्ही तोंडे उघडी ठेवून सांगाडा पोलादी दोराने खाली सोडतात. मध्ये उपकरणे असतात. ती खोली, तापमान आणि क्षारता सतत वर कळवीत असतात. हव्या त्या खोलीवर पोचताच वरून इशारा देऊन एकेक बाटली मिटवितात. त्यामुळे एकाच फेरीत निरनिराळ्या थरांतले पाणी एकमेकांत न मिसळता वर येते.

दोर साधारणपणे मिनिटाला साठ मीटर ह्या वेगाने गुंडाळतात असे धरले, तर चार हजार मीटर खोलीवरील पाणी डेकवर यावयास तासाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात त्यातील जीवांवरचा प्रचंड दाब उतरलेला असतो, थंडी कमी झालेली असते. म्हणजे कच्च्या वहीतील काही ओळी बाटलीतच बदललेल्या असतात. म्हणून आर.एन.ए.चा अभ्यास करणारे लोक खोल पाण्यातच गाळण्याचे आणि तेथेच परिरक्षक मिसळण्याचे यंत्र खाली सोडू लागले आहेत.

पाणी वर आले की ते गाळतात. जीवाणू अडकावेत म्हणून ०.२२ मायक्रॉन भोकांची गाळणी वापरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भोक केवढे घ्यावे ह्यावर हाती काय लागणार हे ठरते. हिंदी महासागर मोहिमेतील जाळ्याची भोके सुमारे ३३० मायक्रॉनची होती. त्यातून 'प्रोक्लोरोकॉकस' नावाचा जीवाणू निसटणारच, कारण त्याचा व्यास सुमारे ०.६ मायक्रॉन, म्हणजे भोकाच्या पाचशेव्या हिश्शाएवढा. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारा हा जीव आज पृथ्वीवरील अशा जीवांत संख्येने सर्वांत मोठा मानला जातो. तरीही सॅली चिशोम, रॉबर्ट ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी मोजण्याचे यंत्र जहाजावर नेऊन १९८८ मध्ये जाहीर करीपर्यंत त्याचा पत्ता नव्हता.

गाळून आणलेल्या पाण्यात केवढा ठेवा असतो हे क्रेग व्हेंटर ह्यांच्या तुकडीने दाखविले. बर्म्युडाजवळच्या सार्गासो समुद्रात २००३ मध्ये घेतलेल्या पाण्यातून त्यांना बारा लाखांहून अधिक नवी जनुके मिळाली. ही माहिती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. पण ह्याच कामातील एका नमुन्यातल्या दोन प्रकारच्या जीवाणूंवर पुढे इतर शास्त्रज्ञांनी बोट ठेवले. हे जीवाणू खुल्या समुद्रातले नसून बाहेरून मिसळले असावेत, अशी शंका घेतली गेली. डेकवरचा ओला दोर, जहाजाचे सांडपाणी, खलाशाचा हात, कोठूनही परके डी.एन.ए. येऊ शकते. म्हणून हातमोजे घालतात, उपकरणे ब्लीचने धुतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक कोरा नमुना घेतात : निर्जंतुक शुद्ध पाणी त्याच गाळणीतून, त्याच हातांनी, त्याच रीतीने गाळावयाचे. त्यात जे सापडेल ते समुद्राचे नव्हे. आमचा तेरीज जसा चूक कोठे आहे हे सांगत नाही, पण चूक आहे एवढे ओरडून सांगतो, तसाच हा कोरा नमुना.

'तारा' ह्या ३६ मीटर लांबीच्या शिडाच्या जहाजाने २००९ ते २०१३ ह्या काळात २१० ठिकाणी थांबून सुमारे ३५,००० नमुने घेतले. त्यांच्या एका भागातूनच सुमारे चार कोटी जनुकांची यादी २०१५ मध्ये तयार झाली. आपल्याकडे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे 'सिंधु साधना' हे जहाज मार्च २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून ह्याच कामासाठी निघाले. सुमारे तीस संशोधकांसह सुमारे दहा हजार सागरी मैलांचा आणि नव्वद दिवसांचा बेत आखून हिंदी महासागरातील सूक्ष्मजीवांचा जनुकनकाशा करण्याचे ते काम होते. कोचीच्या बरण्यांना जो प्रश्न विचारता येत नाही, तो ह्या नव्या नमुन्यांना पुढची पिढी विचारू शकेल.

जपण्याच्या तऱ्हा

नमुना हाती आल्यावर त्याला थांबवावयाचे कसे? चार मुख्य मार्ग आहेत, आणि प्रत्येकाचा फायदा-तोटा निराळा आहे.

पहिला मार्ग तीव्र मद्यार्काचा. डी.एन.ए.साठी ९५ टक्क्यांचा मद्यार्क लागतो. जुन्या संग्रहांतला ७० टक्क्यांचा चालत नाही असे नाही, पण त्यातील पाणी विकरांना थोडे काम करू देते. शिवाय ऊतीतच पाणी पुष्कळ असते. ते बाहेर येऊन मद्यार्क पातळ होतो. म्हणून ऊतीच्या कितीतरी पट मद्यार्क घेतात आणि एका दिवसानंतर तो बदलून नवा घालतात. मोठा मासा अख्खा बुडवून भागत नाही, कारण मद्यार्क आत पोचेपर्यंत आतला भाग नासतो. म्हणून स्नायूचा किंवा परांचा लहानसा तुकडा कापून वेगळ्या कुपीत ठेवतात. मद्यार्क ज्वालाग्राही आहे, विमानातून पाठविण्यास बंधने आहेत, आणि उत्पादनशुल्क खात्याचा परवाना असल्याशिवाय तो प्रयोगशाळेला मिळत नाही. स्वस्तातला मेथिलेटेड स्पिरिट ह्या कामी भरवशाचा नाही.

दुसरा मार्ग मिठाचा. आपल्या घरी कैऱ्या मिठाच्या पाण्यात मुरवितात, कोकणात बांगडे खारवतात, तत्त्व तेच. मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेल्या पाण्यात डी.एम.एस.ओ. आणि ई.डी.टी.ए. ही दोन रसायने मिसळतात. पहिले रसायन द्रावणाला पेशींच्या आत नेते. दुसरे विकरांना लागणारे धातूंचे कण धरून ठेवते आणि विकरे हातपाय बांधल्यासारखी होतात. हे द्रावण पेट घेत नाही आणि त्यातला डी.एन.ए. साध्या तापमानात दीर्घकाळ टिकतो. ज्या होडीवर वीज नाही तिला ह्यासारखा आधार नाही.

तिसरा मार्ग खास आर.एन.ए.साठी. अमोनियम सल्फेटचे दाट द्रावण ऊतीत शिरले की प्रथिने जागच्या जागी गोठल्यासारखी होतात आणि कच्ची वही वाचते. साध्या तापमानात सुमारे आठवडाभर ती सुरक्षित राहते. तोवर शीतपेटी गाठावी लागते. हे द्रावण महाग आहे आणि तुकडा अगदी लहान असेल तरच उपयोगी पडते.

चौथा मार्ग थंडीचा. उणे ८० अंशांचे शीतकपाट किंवा उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन. ह्यात सर्व काही थांबते आणि डी.एन.ए., आर.एन.ए., प्रथिने तिन्ही राहतात. म्हणून सर्वांत उत्तम मार्ग हाच. पण द्रवरूप नायट्रोजन रोज थोडा थोडा उडून जातो आणि भर समुद्रात तो मिळण्याचे दुकान नाही. तो उडाला की त्याचा वायू शेकडो पटींनी पसरतो. बंद खोलीत माणसाचा श्वास कोंडू शकतो. आणि जहाजाची वीज एक रात्र गेली, तर शीतकपाटातील साऱ्या सफरीचा माल एकदम बुडतो.

ह्यातला एकच मार्ग निवडणे म्हणजे सगळे भांडवल एकाच धंद्यात घालणे. म्हणून जाणते संशोधक नमुना वाटतात : एक तुकडा मद्यार्कात, एक थंडीत, आणि उरलेला जीव फॉर्मॅलिनमध्ये, कारण आकार राखण्यात फॉर्मॅलिनची बरोबरी आजही कोणी केलेली नाही. मद्यार्कात आणि फॉर्मॅलिनमध्ये रंग उडून जातात, म्हणून त्याआधी छायाचित्र घ्यावयाचे. ह्यातही क्रम महत्त्वाचा आहे. जनुकांसाठीचा तुकडा आधी कापावयाचा आणि फॉर्मॅलिन शेवटी. उलट केले तर पुढचे सारे वाया.

चिठ्ठी

इतके करूनही कुपीवर चिठ्ठी नसेल तर त्या कुपीत फक्त मांस आहे. नमुना कोणत्या अक्षांश-रेखांशावर, किती खोलीवरून, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या साधनाने आणि कोणी घेतला. तेथील पाण्याचे तापमान व क्षारता किती. कशात ठेवला आणि हाती आल्यापासून किती वेळाने ठेवला, हे सर्व लिहावे लागते. घड्याळ ग्रिनिचचे धरतात, कारण चालत्या जहाजावर स्थानिक वेळ रोज सरकते.

चिठ्ठी जाड, पाण्यात न फाटणाऱ्या कागदाची आणि लेखन शिसपेन्सिलीचे. बॉलपेनची शाई मद्यार्कात विरघळून जाते. पेन्सिलीचे शिसे जात नाही. चिठ्ठी बरणीच्या आत टाकतात, कारण बाहेरची निसटते. बाहेरून क्रमांक वेगळा. तोच क्रमांक नोंदवहीत, तोच संगणकात, आणि संगणकातील नोंदीची नक्कल दुसऱ्या ठिकाणी. हे वाचताना मला दुहेरी नोंदपद्धतीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

आता व्हाउचरची गरज का, ते आपल्यासारख्या दोन भाषांच्या गावात चटकन कळते. मराठीत जिला तारली म्हणतात, तिला कानडी किनाऱ्यावर भूताई म्हणतात आणि केरळात मत्ती. मासा एकच. उलट एकाच बाजारनावाखाली दोन-तीन जाती विकल्या जातात. शास्त्रीय नाव लिहिले तरी ते लिहिणाराही माणूसच. २००३ मध्ये कॅनडातील पॉल हेबर्ट ह्यांनी सुचविले की प्रत्येक प्राण्याच्या एका ठरावीक जनुकातील सुमारे ६५० अक्षरे वाचून त्यावरून जात ओळखावी; दुकानातील मालावरच्या रेघांच्या पट्ट्यासारखी. कल्पना नामी आहे. पण पहिल्यांदा पट्टा चिकटविताना साबणावर तेलाचा पट्टा लागला, तर पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला चुकीचे बिल जाणार. जनुकांच्या जागतिक नोंदसंग्रहांत अशा चुकीच्या नावांच्या नोंदी आहेत. त्या दुरुस्त करण्याचा खात्रीचा मार्ग एकच : मूळ मासा बरणीत असला पाहिजे, म्हणजे तज्ज्ञाला तो काढून पाहता येतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने तारलीचा संपूर्ण जनुकसंच वाचल्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. किनाऱ्यावरील हजारो कुटुंबे ज्या माशावर जगतात, त्याच्याविषयीच्या अशा नोंदीमागे पक्का आधार असणे हे केवळ पंडितांच्या सोयीचे नाही.

माल कोणाचा?

शेवटचा प्रश्न मालकीचा, आणि येथे वाणिज्याचा विद्यार्थी पुन्हा जागा होतो. वेर्नर बेर्गमन ह्यांनी १९५० च्या सुमारास कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजातून काही आगळी द्रव्ये वेगळी केली. त्यांच्या धर्तीवर सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध तयार झाले. अमेरिकेत त्याला १९६९ मध्ये मान्यता मिळाली आणि ते आजही वापरात आहे. म्हणजे समुद्रातील एखाद्या जीवाची घडण हे उद्याचे औषध असू शकते. मग ते ज्या समुद्रातून आले त्याच्या काठच्या लोकांना त्यातले काय मिळावे?

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो. तेथे परक्या जहाजाने संशोधन करावयाचे तर सहा महिने आधी अर्ज करून संमती घ्यावी लागते. आपला जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार परकीयांना आपली जैविक संपत्ती नेण्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. लाभाची न्याय्य वाटणी व्हावी ह्यासाठी २०१० मध्ये नागोया येथे करार झाला. राहिला त्यापलीकडचा खुला महासागर. त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार १९ जून २०२३ रोजी संमत झाला. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर सही केली. १९ सप्टेंबर २०२५ रोजी साठ देशांची मान्यता पुरी झाली आणि १७ जानेवारी २०२६ ही अंमलाची तारीख ठरली. ह्या करारानुसार खुल्या समुद्रातून जनुकसंशोधनासाठी नमुने घेण्यापूर्वी तशी सूचना द्यावी लागते, आणि त्या नमुन्यांच्या गटाला एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक पुढे संशोधनाबरोबर आणि त्यातून निघणाऱ्या मालाबरोबर चालत राहावा, अशी योजना आहे.

थोडक्यात, वाटणीचा सारा न्याय पुन्हा त्या पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठीवर येऊन ठेपतो. नमुना २०० मैलांच्या आत घेतला की बाहेर, हे चिठ्ठीवरील अक्षांश-रेखांशच सांगणार. आज जनुकाची अक्षरे तारेवरून क्षणात जगभर जातात. बरणी मात्र गोव्यात किंवा कोचीतच राहते. अक्षरांचा आणि बरणीचा धागा तुटला, तर पुढे औषध निघाले तरी ते कोणाच्या समुद्रातले होते हे सिद्ध करता येणार नाही, आणि किनाऱ्यावरच्या माणसाच्या हाती काही येणार नाही.

आपल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतून आणि गावोगावच्या लहान संग्रहालयांतून जुन्या बरण्या पुष्कळ आहेत. त्यांतील डी.एन.ए. आता वाचता येईल की नाही, हे विज्ञानाच्या मित्रांनी सांगावे. परंतु त्यांवरील चिठ्ठ्यांतील गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव अजून वाचता येत असेल तोवर ते एका वहीत उतरवून क्रमांक लावणे, हे काम करावयास जनुकशास्त्र यावे लागत नाही. मराठी आणि कानडी, दोन्ही लिप्या वाचता येणारा आमच्यासारखा विद्यार्थी ते करू शकतो. जुन्या चिठ्ठ्यांवर ह्या दोन्ही लिप्या सापडतात. विज्ञान शाखेने बरण्या काढाव्यात, वही आम्ही आणू.